घाटात ऑटोमॅटिक गाडी चालवताना ओव्हरड्राइव्ह आणि पॉवर मोड कसे वापरावेत

सपाट रस्त्यावर ऑटोमॅटिक गाडीचा दांडा ‘डी’वर टाकला आणि पुढचे सगळे गाडीवर सोपवले, तरी काही बिघडत नाही. कराड ते पेठ नाका असो किंवा सांगली-मिरज रस्ता असो, गिअरबॉक्स आपले काम चोख करतो. पण साताऱ्यातून पश्चिमेकडे निघाले की शहर संपते न संपते तोच यवतेश्वरचा चढ सुरू होतो, मेढ्याहून महाबळेश्वरला जाताना केळघर घाट लागतो, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट आणि पुण्याहून येताना खंबाटकी. या रस्त्यांवर ‘डी’वरच सोडलेली गाडी चढताना सारखे गिअर बदलत राहते आणि उतरताना जवळजवळ सगळा भार ब्रेकवर टाकते. हे टाळण्यासाठीच गिअरच्या दांड्यावर ओव्हरड्राइव्हचे बटण आणि डॅशबोर्डजवळ पॉवर किंवा स्पोर्ट मोडचे बटण दिलेले असते. माझ्या ओळखीतले अनेक चालक मात्र ही बटणे वर्षानुवर्षे दाबून पाहत नाहीत, आणि घाट उतरल्यावर ब्रेकचा जळका वास आला की गाडीला दोष देतात.

या दोन्ही बटणांचा उपयोग एका गोष्टीवरून समजतो. गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, हे गिअरबॉक्सला कळते. काही नव्या गाड्यांना आपण चढावर आहोत की उतारावर, हेही कळते. पुढच्या वळणानंतर चढ आहे की उतार, समोरून एसटी येत आहे की उसाची ट्रॉली, हे मात्र त्याला कळत नाही, कारण रस्ता फक्त चालकाला दिसतो. त्यामुळे गिअरबॉक्स नेहमी घडून गेलेल्या गोष्टीला प्रतिसाद देतो, आणि पुढे काय येणार आहे याची सूचना त्याला चालकाने या बटणांमधून द्यायची असते. म्हणून बटण चढ सुरू होण्याआधी दाबायचे, गाडीचा दम निघाल्यावर नव्हे.

ओव्हरड्राइव्हचे काम

चार गिअरच्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाडीत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर साधारण १ असते, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत जेवढे फेरे जातात तेवढेच बाहेर पडतात. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७ च्या आसपास असते. तेथे बाहेर पडणारे फेरे आत येणाऱ्या फेऱ्यांपेक्षा जास्त असतात. या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे इंजिन चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये ते साधारण २८५० फेरे घेईल. फेरे कमी म्हणजे आवाज कमी, इंधन कमी आणि इंजिनाची झीजही कमी, असा ओव्हरड्राइव्हचा सरळ फायदा आहे. तोटा असा की चाकांपर्यंत पोहोचणारा जोर त्याच प्रमाणात घटतो, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला जे मागे धरून ठेवते, तेही बरेच कमी होते. पहिला तोटा चढावर जाणवतो, दुसरा उतारावर.

मारुतीच्या सियाझमध्ये आणि अर्टिगा व ब्रेझा यांच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत हे बटण दांड्याच्या मुठीला बाजूने बसवलेले असते आणि अंगठ्याने दाबता येते. मुठीवरचे बटण दाबले की मीटरमध्ये ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो. हा दिवा पेटला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद झाला आहे आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाणार नाही; पुन्हा दाबल्यावर दिवा विझतो आणि चौथा गिअर मोकळा होतो. नवशिक्या चालकांचा गोंधळ नेमका येथे होतो. एखादी सोय सुरू केली की दिवा लागतो, अशी आपल्याला सवय असते. येथे सोय बंद केल्यावर दिवा लागतो. घाट संपवून महामार्गावर आल्यावर हा दिवा विझलेला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. तो चुकून पेटलेला राहिला, तरी गाडीचे काही मोडत नाही. फक्त इंजिन विनाकारण मोठ्याने आवाज करत राहते आणि पेट्रोल जास्त जळते.

गाडी चालू असताना, चालत्या वेगात हे बटण दाबायला हरकत नसते. त्यासाठी थांबण्याची किंवा ‘न्यूट्रल’ला जाण्याची गरज नाही. दाबल्यावर क्षणभरात फेरे वाढतात आणि गाडी किंचित मागे ओढल्यासारखी वाटते. पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर मात्र मधोमध बटण दाबू नये, कारण अचानक आलेल्या ओढीमुळे चाके घसरू शकतात. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच ते दाबलेले असावे.

चढताना

पसरणी घाटातील एखादे तीव्र वळण डोळ्यांपुढे आणावे. गाडी ताशी ३५ च्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये चढते आहे. वळण दिसल्यावर चालक ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो. गिअरबॉक्सला वाटते की आता जोर नको आहे, म्हणून तो तिसऱ्या गिअरमध्ये जातो. चालक ब्रेक दाबून वेग १५-२० वर आणतो, वरून उतरणाऱ्या एसटीला जागा देतो आणि वळण अर्धे पार झाल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबतो. चढ अगदी उभा असतो त्याच ठिकाणी गाडी क्षणभर मंद पडते, मग गिअरबॉक्स एक किंवा दोन गिअर खाली येतो, फेरे एकदम वाढतात आणि गाडी झटका देऊन पुढे सरकते. घाट संपेपर्यंत हे प्रत्येक वळणावर घडत राहते. मागच्या सीटवरच्या लहान मुलांना घाटात उलट्या होतात, त्यात या झटक्यांचाही वाटा असतो, असे मला वाटते.

उपाय सोपा आहे. वाई मागे पडून चढ सुरू होण्याआधीच ओव्हरड्राइव्ह बंद करावा, आणि तीव्र वळणांच्या टप्प्यात दांडा ‘२’वर घ्यावा. ‘२’वर असताना गाडी पहिल्या दोन गिअरांतच राहते, पाय उचलला तरी ती तिसऱ्यात पळत नाही आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबताक्षणी प्रतिसाद देते. वळणे सैल झाली की पुन्हा ‘डी’वर यावे, पण ओव्हरड्राइव्ह माथा येईपर्यंत बंदच ठेवावा. फेरे तीन-साडेतीन हजारांपर्यंत गेले म्हणून घाबरू नये. पेट्रोल इंजिनाला चढावर तेवढे फेरे लागतातच, आणि कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर तळाशी दाबून गाडी रेटण्यापेक्षा ते इंजिनाच्या हिताचे असते. पाचगणी-महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते, हेही लक्षात ठेवावे. चार माणसे, सामान आणि एसी असताना हा फरक स्पष्ट जाणवतो.

ओव्हरड्राइव्ह बंद करण्यामागे गिअरबॉक्सच्या आरोग्याचेही कारण आहे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या प्रवाहाने जोडलेले असतात. स्थिर वेगात आतला लॉक-अप क्लच दोघांना घट्ट बांधतो आणि घसरण थांबते. पण उंच गिअरमध्ये चढ चढताना, जोर अपुरा पडला की हा लॉक-अप सुटतो, तेल आतल्या आत घुसळले जाते आणि तापते. तापलेले तेल हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मोठा शत्रू आहे. योग्य खालचा गिअर धरून ठेवला की हे घुसळणे कमी होते. इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे गाडीला त्रास होतो आहे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. येथे आवाज वाढतो तेव्हा गिअरबॉक्सला आराम असतो.

थंडीत सकाळी साताऱ्यातून निघून लगेच यवतेश्वर चढायला लागल्यावर गाडी चौथा गिअर घेतच नाही, अशी तक्रार काही जण करतात. तो बिघाड नव्हे. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत अनेक गाड्या ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप स्वतःहून रोखून धरतात.

उतरताना

ओव्हरड्राइव्हच्या बटणाची खरी किंमत उतारावर कळते, आणि म्हणून या भागाकडे वाचकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

पाचगणी ते वाई या साधारण १२ किलोमीटरच्या उतरणीत गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. माणसांसह दीड टन वजनाची गाडी एवढी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे २४ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. टायर आणि हवेचा विरोध त्यातील काही भाग घेतो. उरलेली सगळी उष्णता कोठेतरी जायलाच हवी. चालक ‘डी’वर राहून सतत ब्रेकवर पाय ठेवत असेल, तर ती ब्रेकच्या डिस्क, पॅड, ड्रम आणि लायनरमध्ये जाते. तापलेले पॅड नीट पकडत नाहीत. उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचली तर प्रकरण गंभीर होते, कारण हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू वर्षागणिक खाली येतो. डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरलेल्या अवस्थेत हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल तळाला जाते आणि ब्रेक लागत नाहीत. घाटात ब्रेक फेल झाल्याच्या घटनांमागे अनेकदा हेच कारण असते, आणि खालच्या गिअरने ते बऱ्याच अंशी टाळता येते.

त्यासाठी उतार सुरू होण्याआधी, वेग कमी असतानाच, ओव्हरड्राइव्ह बंद करावा. एवढ्याने सौम्य उतारावर गाडी काबूत राहते. पसरणी, केळघर किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी यांसारख्या घाटांत तेवढे पुरत नाही. तेथे दांडा ‘२’वर घ्यावा, आणि अगदी उभ्या, अरुंद टप्प्यात ‘एल’वर, म्हणजे पहिल्या गिअरवर. योग्य गिअर कोणता, हे ठरवण्याची सोपी पद्धत अशी की ॲक्सिलरेटर आणि ब्रेक या दोन्हींवरून पाय काढल्यावर गाडीचा वेग जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. वेग वाढतच असेल तर आणखी एक गिअर खाली यावे. मात्र खाली येताना आधी ब्रेकने वेग कमी करावा आणि मग दांडा हलवावा. ताशी ७० च्या वेगात एकदम ‘एल’वर टाकणे इंजिन आणि गिअरबॉक्स दोघांनाही घातक ठरू शकते. नव्या गाड्या अशी चुकीची आज्ञा नाकारतात, पण जुन्या गाडीवर तसा भरवसा ठेवू नये. कोणत्या गिअरला कमाल वेग किती, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

ब्रेक तरीही लागतोच. तो हलकासा पण सतत दाबून धरू नये. थोडा वेळ ठाम दाबून वेग हवा तेवढा खाली आणावा आणि पूर्ण सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा लागून ती निवते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इंजिनाच्या ओढीने गाडीचा वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत, त्यामुळे मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला आपण मंदावलो हे उशिरा कळते. म्हणून वळणाआधी ब्रेकला नुसता पाय लावून दिवे दाखवावेत.

पेट्रोल वाचते म्हणून उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ला सोडण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. इंजेक्शन असलेल्या आजच्या गाड्यांत तिला तांत्रिक आधारही उरलेला नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की संगणक इंधनाचा पुरवठा तोडतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. ‘न्यूट्रल’ला मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे खालच्या गिअरमध्ये मोठ्या आवाजाने उतरणारी गाडी त्या वेळी इंधन घेत नसते, आणि ‘न्यूट्रल’ला शांतपणे घरंगळणारी गाडी घेत असते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट आहे. तेव्हा ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडल्यावर उतारावरच एस आकाराचे वळण लागते. अपघातांसाठी ते कुप्रसिद्ध आहे. बोगद्यातच वेग कमी करून ओव्हरड्राइव्ह बंद केलेला असला, तर बाहेर पडताना गाडी आधीच आवरलेली असते.

अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. उतरणाऱ्या गाडीत खालचा गिअर असेल, तरच तो वेळेवर पाळता येतो.

पॉवर मोडचा खरा उपयोग

पॉवर मोड किंवा स्पोर्ट मोड लावल्यावर इंजिनाची ताकद वाढते, असा समज सर्वत्र आढळतो. बहुतेक गाड्यांत तसे काही होत नाही. इंजिनाची कमाल ताकद तीच राहते. बदलतात दोन गोष्टी. पहिली म्हणजे ॲक्सिलरेटर थोडा दाबला तरी इंजिन जास्त उघडते, त्यामुळे गाडी चपळ वाटते. दुसरी, आणि घाटात जास्त उपयोगाची, म्हणजे गिअरबॉक्स वरचा गिअर उशिरा घेतो आणि खालचा गिअर लवकर. इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिक गाड्यांत इको आणि पॉवर अशी दोन बटणे असतात, टाटा नेक्सॉनमध्ये इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन पर्याय असतात, आणि होंडाच्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गाड्यांत दांड्यावर ‘डी’खाली ‘एस’ असतो. नावे निराळी असली तरी हेतू साधारण एकच.

भरलेली इनोव्हा घेऊन खंबाटकी चढताना पॉवर मोड लावणे योग्य आहे. डाव्या लेनमधून सरपटणाऱ्या ट्रकांना मागे टाकण्यासाठी गाडी तेव्हा लगेच प्रतिसाद देते. घाटमाथा ओलांडून सुरूरच्या दिशेने सपाटीवर आले की तो बंद करावा, कारण सपाट महामार्गावर त्याने मायलेज कमी होण्यापलीकडे काही साधत नाही. सातारा शहरात राजवाडा किंवा पोवई नाक्याच्या गर्दीत तर तो लावूच नये; गर्दीत ॲक्सिलरेटर जेवढा मवाळ तेवढे बरे. तेथे इको मोड चांगला.

पावसाळ्यात पॉवर मोडबाबत विशेष काळजी घ्यावी. महाबळेश्वर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्या दिवसांत रस्त्यावर लाल माती, पालापाचोळा व शेवाळ असते. अशा रस्त्यावर ॲक्सिलरेटरचा तीव्र प्रतिसाद म्हणजे चाके जागच्या जागी फिरण्याला आमंत्रण. काही गाड्यांत ‘स्नो’ असा मोड असतो. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून तो निरुपयोगी मानू नये. त्यात गाडी बहुधा दुसऱ्या गिअरने आणि मवाळपणे सुटते, त्यामुळे चिखलातून निघताना तो उपयोगी पडतो. घाट उतरतानाही पॉवर मोडवर विसंबू नये. त्यात काही गाड्या खालचा गिअर धरून ठेवतात, काही ठेवत नाहीत. उतारासाठी ओव्हरड्राइव्ह बंद करणे आणि ‘२’ किंवा ‘एल’ हाच खात्रीचा मार्ग आहे.

सांगलीच्या सपाटीवर

घाट नाही म्हणून सांगलीकरांना ओव्हरड्राइव्हचे बटण लागत नाही, असे नाही. गळीत हंगामात पेठ-सांगली रस्त्यावर किंवा तासगाव, विटा भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे असतो. ट्रॉलीबाहेर ऊस लोंबत असतो, मागे दिवे असतातच असे नाही, आणि एवढी लांबी ओलांडायला अंतर बरेच लागते. चौथ्या गिअरमध्ये असलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर तळाशी दाबला तरी गिअरबॉक्सला विचार करून खाली यायला सेकंदभर जातो, आणि ताशी ८० च्या वेगाला एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून ओव्हरटेक करायचे ठरल्यावर, आपल्या लेनमध्ये असतानाच ओव्हरड्राइव्ह बंद करावा, फेरे वाढल्याचे ऐकावे, समोरचा रस्ता पुन्हा एकदा पाहावा आणि मगच उजवीकडे निघावे. रस्ता मोकळा नसेल तर पुन्हा बटण दाबून शांतपणे मागे राहावे. काहीच गमावलेले नसते. पुढे निघून डावीकडे परत आल्यावर ओव्हरड्राइव्ह पूर्ववत करावा.

शहरात ताशी ४०-५० च्या वेगाने, थांबत-सुटत जाताना गाडी तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये सारखी येरझाऱ्या घालत असेल, तर तेथेही ओव्हरड्राइव्ह बंद ठेवलेला चांगला.

बटणच नसलेल्या गाड्या

सहा किंवा अधिक गिअरच्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत ओव्हरड्राइव्हचे वेगळे बटण सहसा नसते. वरचे एक-दोन गिअर ओव्हरड्राइव्हचेच असतात, पण ते रोखण्यासाठी ‘एम’ (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण निवडायचा) किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल वापरायचे असतात. चढाला दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवणे आणि उताराला त्याहून खालचा, हे तत्त्व तेच.

एएमटी गाड्यांचे मात्र वेगळे आहे. मारुतीच्या सेलेरिओने २०१४ मध्ये ही पद्धत आपल्याकडे लोकप्रिय केली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राकडून हलवले जातात. त्यामुळे घाटात ‘एम’वर घेऊन दुसरा गिअर धरणे एएमटीसाठी फारच लाभदायक ठरते, कारण ‘डी’वर तिचे प्रत्येक गिअर बदलणे झटक्यासह जाणवते. चढावर थांबायचे झाल्यास एएमटी आणि ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) या दोन्ही प्रकारांत गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरू नये. तसे केल्यास क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. ब्रेकने किंवा हँडब्रेकने गाडी धरावी. सप्टेंबरमध्ये कासच्या फुलांच्या हंगामात, सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरच्या चढावर गाड्यांची रांग लागते तेव्हा याची खरी परीक्षा होते. पुढची गाडी वीतभर सरकली की आपणही सरकावे, असे करू नये. दोन-तीन गाड्यांचे अंतर मोकळे होऊ द्यावे, मग एकदाच नीट सुटून पुढे जाऊन थांबावे. ड्युअल क्लच गाडीने क्लच तापल्याचा इशारा दिला, तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन दांडा ‘पी’वर टाकावा आणि इंजिन चालू ठेवून ती निवण्याची वाट पाहावी.

सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, म्हणून उतारावर ‘एस’ किंवा ‘एल’ वापरावा. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या) गाड्यांत दांड्यावर ‘बी’ असतो. उतारावर तो लावल्यास ओढ वाढते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. लांब उतारावर बॅटरी भरली की इंजिन फिरवून ओढ निर्माण केली जाते, त्यामुळे मध्येच इंजिनाचा आवाज वाढला तर घाबरू नये.

‘ओ/डी ऑफ’चा दिवा आपण बटण न दाबता लुकलुकू लागला, तर काही गाड्यांत तो गिअरबॉक्समधील बिघाडाचा संकेत असतो. अशा वेळी घाट चढण्याचा बेत रद्द करून गाडी आधी दाखवून घ्यावी. घाटात नियमित जाणाऱ्यांनी गिअरबॉक्सचे तेल पुस्तिकेतील खडतर वापराच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलावे आणि ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी.

हे सगळे पहिल्यांदा करून पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशीचा पसरणी घाट निवडू नये. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी, गर्दी नसताना यवतेश्वरचा रस्ता घ्यावा. चढ सुरू होण्याआधी ओव्हरड्राइव्ह बंद करावा आणि प्रत्येक वळणानंतर गाडी कशी उचलते ते पाहावे. परतताना तोच उतार आधी ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून आणि मग ‘२’वर घेऊन, ब्रेकला किती वेळा पाय लावावा लागतो याकडे लक्ष ठेवून उतरावा. दांडा आणि बटण यांकडे न पाहता हात बरोबर तेथे जाऊ लागला, की मग माणसे भरून केळघर किंवा पसरणीला जावे.